कोणते पाटील?

फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायच्या तीन तऱ्हा आहेत. 'त्यू आबित आ जळगाव', म्हणजे 'तू जळगावला राहतोस', या साध्या विधानाच्या शेवटी आवाज चढवला की झाला प्रश्न. किंवा आधी 'एस्क' लावायचं. आपला 'का' शेवटी येतो, त्यांचा सुरुवातीलाच. तिसऱ्या तऱ्हेत क्रियापद आणि सर्वनामाची अदलाबदल होते: 'आबित-त्यू'. ही जरा पुस्तकी, अदबीची. शिवाय 'त्यू'च्या जागी 'व्हू' घातलं की 'तू'चं 'तुम्ही' होतं. क्लासमध्ये एवढं शिकवतात. कुठला प्रश्न विचारावा, हे व्याकरणात बसत नाही.

खानदेशात भाड्याची खोली बघायला गेलं की प्रश्न अदबीनेच येतो: "आपलं आडनाव?" पाटील म्हणून भागत नाही, इथे लेवा, मराठा, गुजर सगळ्यांत पाटील आहेत. मग पुढचा प्रश्न, "कोणते पाटील?" चौधरी म्हटलं तरी तेच. 'जात' हा शब्द कुणी उच्चारत नाही. आदरार्थी 'आपलं'मुळे प्रश्न सभ्य वाटतो, एवढंच.

फ्रान्सने न विचारण्याचा मार्ग धरला. १९७८च्या कायद्याने वंश-धर्माची नोंद ठेवायला, काही अपवाद सोडता, मनाई आहे. जनगणनेतही ते विचारत नाहीत. नागरिक तो नागरिक. ऐकायला छान वाटतं. पण सारखेच बायोडेटा फक्त नाव बदलून पाठवले, तर अरबी नावाला मुलाखतीचं बोलावणं कमी येतं, हे तिथल्याच संशोधकांनी दाखवलंय. मला यात नवल वाटत नाही. डेटाबेसमधून एक रकाना काढून टाकला तरी उरलेल्या रकान्यांवरून तो ओळखता येतो, हे आमच्या धंद्यात कुणीही सांगेल. आपल्याकडे सगळ्या जातींची प्रसिद्ध झालेली शेवटची मोजणी १९३१ची. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत सरकारने सगळ्यांची जात विचारली नाही, म्हणून घरमालकांनी विचारायचं थांबवलं का?

त्यामुळे येत्या जनगणनेत जात विचारणार, हे मला पटतं. तिथलं माझं उत्तर १९४८च्या जनगणना कायद्याने गुप्त राहणार आणि आकड्यात मिसळून जाणार. दारात दिलेलं उत्तर मात्र माझ्या तोंडाला चिकटतं, आणि तिथे उलट विचारायची सोय नसते. फ्रेंच पाठ्यपुस्तकातल्या संवादांत ती असते: उत्तर दिलं की लगेच 'ए व्हू?', आणि तुम्ही?

धुळ्यात मी एकदा ते करून पाहिलं. "आणि आपण कोणते?" काका हसले, चहा सांगितला, गावाकडची चौकशी केली. भाड्याचा विषय काही निघाला नाही.