फेणेच्या डोक्यावर थापटणं

तेरमध्ये गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, घरची ही गोष्ट पोराटोरांनाही पाठ असते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, नामदेव अशी मंडळी जमलेली. वयानं सगळ्यांत धाकटी मुक्ताई थापटण्याकडे बोट दाखवून विचारते, "काका, हे काय?" मडकं पक्कं की कच्चं ते याच्यानं ठोकून बघायचं, काका सांगतात. मग आमचीही मडकी बघा की! आणि काका खरोखरच एकेकाच्या डोक्यावर थापटणं हाणत निघतात. बाकीचे गप्प राहिले. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. पुढे ते गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे गेले, तो भाग गंभीर. पण कीर्तनात हशा पिकतो तो थापटण्यापाशी.

ज्या गावाला आपल्या संताची गोष्ट अशी खट्याळपणे सांगता येते, तिथल्या वाचकानं तरी हलकंफुलकं पुस्तक दिसलं की नाक मुरडू नये. मी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबद्दल बोलतोय. "शाळकरी पोरांचं वाचन" म्हणून ही पुस्तकं माळ्यावर टाकणारे पुष्कळ भेटतात. त्यांतल्या किती जणांनी ती उघडून पाहिलीत, कोण जाणे.

बनेश फेणे फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला, अंगानं काडीपैलवान, सायकलवर सुसाट. गावातून धाराशिवला, लातूरला शिकायला गेलेल्या कुठल्याही पोराला त्याची पहिल्या दिवसांतली धांदल समजावून सांगावी लागत नाही. शहरातली पोरं चिडवतात, हा बुजत नाही. काही खटकलं की नाक खुपसतो, अडकतो, आणि डोक्यात कल्पना चमकली की जीभ टाळूला लावून "ट्टॉक्" करतो. भागवत त्याला ना ताकद देतात ना जादू. नुसतं कुतूहल देतात आणि त्याच्या जोरावर वीस पुस्तकं पळवतात. उपदेशाचा डोस पाजायची संधी पानोपानी असताना त्यांनी हात आवरलाय, हे मला फार मोठं वाटतं.

थापटणं मारलं तर काही ठिकाणी बद्द आवाज येतोच. योगायोग फार, चोर जरा जास्तच बावळट, आणि मुलींच्या वाट्याला धाडस फारसं येत नाही. मुक्ताईच्या गोष्टीवर वाढलेल्या वाचकाला हे शेवटचं खटकणारच.

तरी त्याच्यावरच्या 2017 च्या चित्रपटापेक्षा मला पुस्तकातलाच फेणे पसंत. चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण आहे आणि समोर खून. फेणे झालेल्या अमेय वाघनं काम छान केलंय, कथा पकडूनही ठेवते. पण मोठ्या माणसानं धोका पत्करला तर आपण त्याला शूर म्हणतो, इतकंच. हाफचड्डीतला पोरगा तीच गोष्ट करतो तेव्हा आधी हसू येतं आणि मग पोटात गोळा. हे दोन्ही एकाच पानावर जमवणं गंभीर कादंबऱ्या लिहिणाऱ्या भल्याभल्यांना साधलेलं नाही.