छेदात सापडलेले अणू

काचेच्या चंबूत हायड्रोजन आणि आयोडीन भरायचे, तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचे आणि चंबू उकळत्या गंधकाच्या वाफेत ठरावीक वेळ ठेवायचा. गंधक साधारण ४४५ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे तापमान हलत नाही. वेळ भरली की चंबू झटकन गार करायचा. अभिक्रिया जिथवर पोचली असेल तिथेच थांबते. मग टोक अल्कलीच्या द्रावणात बुडवून फोडायचे. आयोडीन आणि हायड्रोजन आयोडाइड द्रावणात शोषले जातात, मागे राहतो तो न वापरलेला हायड्रोजन. तो मोजायचा आणि पुढचा चंबू घ्यायचा.

माक्स बोडेनश्टाइन यांनी १८९०च्या दशकात जर्मनीत हे काम चिकाटीने केले. हाती आलेला नियम देखणा होता. अभिक्रियेचा वेग दोन्ही वायूंच्या प्रमाणांच्या गुणाकारावर ठरत होता. हायड्रोजनचा एक रेणू, आयोडीनचा एक रेणू, दोघांची टक्कर आणि जोड्यांची अदलाबदल, असा त्याचा सरळ अर्थ लागला. पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकांनी हेच उदाहरण दिले.

ब्रोमीनने मात्र हा सरळपणा मोडला. १९०७ साली बोडेनश्टाइन आणि सॅम्युएल लिंड यांना वेग ब्रोमीनच्या प्रमाणाच्या वर्गमूळाबरोबर बदलताना दिसला. शिवाय तयार होणारा हायड्रोजन ब्रोमाइडच अभिक्रियेला मागे ओढत होता; सूत्रात तो छेदात जाऊन बसला. नुसत्या रेणूंच्या टकरीतून असे सूत्र निघेना. तरी दोघांनी ते ओबडधोबड सूत्र जसे मोजले तसे मांडले, आणि या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल तेच.

उलगडा व्हायला बारा-तेरा वर्षे गेली. क्रिस्टियानसेन, हर्झफेल्ड आणि मायकेल पोलान्यी हे तिघे स्वतंत्रपणे एकाच उत्तराशी पोचले. उष्णतेने ब्रोमीनचे थोडे रेणू फुटतात आणि सुट्या अणूंची संख्या वर्गमूळाच्या हिशेबाने ठरते. असा एक अणू हायड्रोजनच्या रेणूतला एक अणू पळवतो. मागे उरलेला हायड्रोजनचा अणू ब्रोमीनचा दुसरा रेणू फोडतो आणि ब्रोमीनचा नवा अणू मोकळा होतो. साखळी चालू राहते. कधी कधी हायड्रोजनचा तो अणू तयार झालेल्या हायड्रोजन ब्रोमाइडवरच आदळतो आणि एक पाऊल मागे पडते. छेद आला तो इथून. कोणी न पाहिलेल्या अणूंची हालचाल वेगाच्या आकड्यांतून वाचता आली होती.

क्लोरीनमध्ये ही साखळी फारच लांब निघाली. प्रकाशाचा एक कण शोषला गेला की हायड्रोजन क्लोराइडचे लाखो रेणू तयार होऊ शकतात, हे बोडेनश्टाइन यांनी १९१३ च्या सुमारास दाखवले. कारण म्हणून त्यांनी आधी इलेक्ट्रॉनकडे बोट दाखवले होते. क्लोरीनच्या अणूंची साखळी सुचवली ती नेर्न्स्ट यांनी, १९१८ साली.

मग आयोडीनचे काय? १९६७ साली जॉन सलिव्हन यांनी तेच मिश्रण कमी तापमानाला ठेवून त्यावर प्रकाश टाकला आणि आयोडीनचे अणू मुद्दाम वाढवले. वेगही वाढला. त्या आकड्यांवरून काढलेला वेग जुन्या, नुसत्या उष्णतेवर चालणाऱ्या अभिक्रियेच्या वेगाशी जुळला. म्हणजे तिथेही अणूंचा हात असू शकत होता. फक्त दोन आयोडीन अणू आणि एक हायड्रोजन रेणू यांचा हिशेब गणितात जुन्या नियमासारखाच दिसतो. वाद पुढेही चालला, पण एक गोष्ट पक्की झाली: सूत्र जुळले म्हणजे यंत्रणा सिद्ध झाली, असे नाही.

अणूंच्या साखळीचा धडा प्रयोगशाळेपुरता राहिला नाही; तो वातावरणातही लागू पडला. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले की क्लोरीनचा अणू ओझोन फोडतो, क्लोरीन मोनॉक्साइड बनतो आणि ऑक्सिजनच्या अणूशी गाठ पडताच पुन्हा मोकळा होतो. पण अंटार्क्टिकावर, वसंताच्या सुरुवातीच्या मंद उन्हात, ऑक्सिजनचे सुटे अणू फारसे नसतात. तिथे क्लोरीन मोनॉक्साइडचे दोन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि उन्हाने ही जोडी फुटून क्लोरीन सुटते. ती किती वेगाने फुटते, यावर ओझोनच्या छिद्राचा हिशेब उभा आहे.

२००७ साली या जोडीचे प्रकाशशोषण नव्याने मोजले गेले आणि आकडा आधीपेक्षा बराच कमी आला. तो खरा असता तर छिद्राचे स्पष्टीकरणच कोलमडले असते. अडचण होती नमुन्यात मिसळलेल्या क्लोरीनची. तिचे शोषण वजा करताना थोडी चूक झाली तरी उरलेला आकडा बिघडतो. २००९ साली तैवानमधल्या संशोधकांनी शोषण मोजण्याऐवजी लेझरने ते रेणू किती फुटतात हेच थेट मोजले. आकडा पुन्हा वर गेला आणि ओझोनचा हिशेब जुळला.