नेम

वसईला आमच्या घरी दिवेलागणीला सगळे वेदीपुढे गुडघे टेकून जपमाळ म्हणायचे. मला त्याचा कंटाळा. अंगणात खेळ रंगात यावा आणि नेमकी आजीची हाक यावी. देवाचा नेम म्हणजे आपला खेळ मोडणारी गोष्ट, हे तेव्हा मनात बसलं ते बसलंच.

पुढे मास्तरकीच्या नोकरीमुळे घिवलीत खोली घेतली. एकटाच होतो. निघताना आजीने बायबल हातात दिलं होतं, म्हणून रोज पहाटे 119व्या स्तोत्रातली आठ वचनं म्हणायचं ठरवलं. 150 स्तोत्रांत हे सर्वांत लांब. हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांची 22 कडवी, प्रत्येकात आठ, अशी 176 वचनं. विषय एकच, देवाचं नियमशास्त्र. आज्ञा, विधी, निर्बंध अशी नावं बदलतात, पण कवीचा नियमावर जीव जडलेला. मला काही कळेना. माणसावर प्रेम करावं, गावावर करावं. नियमावर कोण करतं?

घरमालक डोलीचा धंदा करायचे. मी त्यांना तांडेलकाका म्हणायचो. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं पिशवीसारखं जाळं. ओढ्याबरोबर मासळी आत शिरते. पाणी थांबलं की उलटा ओढा लागायच्या आत जाळं उचलावं लागतं. ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आज काका रात्री दोनला उठले, तर उद्या तीनला. एकदा मी म्हटलं, "काका, ही तर पाण्याची गुलामी झाली."

ते हसले. "गुलामी कसली, मास्तर? पानी आपली वेल पालतं म्हनून तर आमी जाल टाकतो. त्याच्या मनाला येल तसा वागला, तर आमी खायाचा काय?"

दुसऱ्या पहाटे तेच स्तोत्र मला निराळं वाटलं. देव शब्द फिरवत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर जगता येतं. कवीला आनंद झाला तो याचा.

पण कळणं वेगळं, वळणं वेगळं. मी शुक्रवारी संध्याकाळीच मस्टरवर शनिवारची सही करून बोईसरहून गाडी पकडायचो. कशासाठी, तर घरच्या प्रार्थनेला हजर राहायला! खोट्या वाटेचा तिटकारा सांगणारं वचन एका सोमवारी तोंडात आलं आणि पुढे जीभ हलेना. त्याच दिवशी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी चार शब्द सुनावले, रजाही कापल्या. लाज वाटली. तरी परत येताना पावलं हलकी पडत होती. शनिवारी कोणी काय विचारेल, ही धाकधूक संपली होती. लहानपणी मला खेळ मोडणारा वाटलेला नेम त्या दिवशी मला मोकळं करून गेला.

अजूनही कित्येक पहाटे प्रार्थना कोरडीच जाते. काकांची डोलही दरवेळी भरून येत नसे, पण त्यांनी म्हणून खेप चुकवली नाही. आणि 175 वचनं नियमाचे गोडवे गाऊन तो कवीसुद्धा शेवटच्या वचनात आपण चुकलेल्या मेंढरासारखे भरकटलो, असं कबूल करतो. तिथे पोचलो की मला धीर येतो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात करतो.