हरलेल्या देशातली मुलं

1945 च्या शरद ऋतूत जपानमधल्या शाळकरी मुलांनी आपल्याच पुस्तकांवर काळी शाई फिरवली. गुरुजी पान आणि ओळ सांगत, मुलं कुंचला बुडवून ती ओळ काळी करत. सैनिकांच्या पराक्रमाचे धडे, सम्राटासाठी मरण्याची शिकवण, सगळं खोडायचं. खालची अक्षरं दिसत राहिली तर आणखी एक हात मारायचा. काही महिन्यांपूर्वी हेच धडे याच गुरुजींनी पाठ करून घेतले होते. 31 डिसेंबरला, हरलेल्या जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी लष्करी प्रशासनाने नीतिशिक्षण, इतिहास आणि भूगोल हे विषयच थांबवले.

ते विष काढायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या पिढीतल्या अनेकांनी पुढे लिहून ठेवलंय की, मोठ्या माणसांवरचा आपला विश्वास त्याच वर्गात उडाला.

शाळेत निदान काय झाकलंय ते दिसत तरी होतं. वर्तमानपत्रांत तेही नाही. अमेरिकी सेन्सॉरने मजकूर काढला तर जागा कोरी सोडायची नाही, काळी पट्टी दिसू द्यायची नाही, असा दंडक होता. ‘न्यू यॉर्कर’ने 31 ऑगस्ट 1946 चा अंक जॉन हर्सीच्या हिरोशिमावरच्या एकाच दीर्घ वृत्तांताला दिला. त्याचं जपानी पुस्तक निघायला 1949 उजाडलं. जपानी शहराचं काय झालं, हे जपानी वाचकाच्या आधी अमेरिकी वाचकाला कळलं. लोकशाही शिकवायला आलेल्यांनी हे केलं, याची मला आजही चीड येते.

जलतरणपटू हिरोनोशिन फुरुहाशी याच पिढीतला. युद्धकाळात विद्यार्थ्यांना कारखान्यांत जुंपलं होतं. तिथे यंत्रात सापडून त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर तुटलं. तरी तो पोहत राहिला. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला जपान आणि जर्मनीला बोलावणं नव्हतं. जपानच्या जलतरण संघटनेने मग त्याच दिवसांत टोकियोत राष्ट्रीय स्पर्धा घेतल्या. 1500 मीटर फुरुहाशीने 18 मिनिटं 37 सेकंदांत पार केले. लंडनमध्ये सुवर्णपदक मिळालं ते 19 मिनिटं 18.5 सेकंदांना. जपान आंतरराष्ट्रीय संघटनेबाहेर असल्यामुळे त्याच्या विक्रमाची नोंद झाली नाही. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये त्याने अमेरिकनांसमोरच विश्वविक्रम केले. ऑलिम्पिकचं दार उघडलं ते 1952 मध्ये, हेलसिंकीला. तोवर त्याचा बहर ओसरला होता, आजारपणानेही गाठलं होतं. 400 मीटरच्या अंतिम फेरीत तो आठवा आला.

लंडनचा राग मी समजू शकतो. बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं, शिधापत्रिकांवर जगणारं शहर होतं ते. पण युद्ध पुकारलं तेव्हा फुरुहाशी शाळेत होता.

हेलसिंकीत जपानला एकच सुवर्णपदक मिळालं. ते जिंकणारा शोहाची इशी मूळचा ज्युदोपटू. युद्धानंतर ज्युदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला. त्याच गटात कांस्यपदक मिळवलं ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. तालमीच्या गप्पांत हे आपण अभिमानाने सांगतो. समोरचा पैलवान तिथवर कसा पोचला, तेही त्याच दमात सांगायला हवं.

जपानला आशियातल्या मैदानात परत घेतलं ते त्याआधीच, मार्च 1951 मध्ये, दिल्लीने. पहिले आशियाई खेळ होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता करारावर सह्या व्हायला अजून सहा महिने होते. यजमान म्हणून भारताचं कौतुक होतंच, पण मला मोठं वाटतं ते पाहुण्यांचं मन. फिलिपिन्स, ब्रह्मदेश, सिंगापूर, इंडोनेशिया हे सगळे जपानी लष्कराच्या टाचेखालून गेलेले देश. मनिलात 1945 च्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले होते. त्या फिलिपिन्सचे खेळाडू सहा वर्षांनी जपानी मुलांच्या शेजारच्या मार्गिकेतून धावले. जपानने सर्वाधिक पदकं नेली, तरी कुणी मैदान सोडलं नाही. लंडनपेक्षा यांच्या जखमा जास्त ओल्या होत्या आणि हाताशी साधनं कितीतरी कमी होती. तरीही ते आले, आणि माझ्या लेखी युद्धोत्तर क्रीडा इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे.