सांगणाऱ्याचा हक्क

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना मी विचारतो, 'तुम्ही काय वाचता?' जळगावातला आमचा वर्ग; पण मुले धुळे, चोपडा, यावल, रावेरकडचीही असतात. उत्तरे ठरलेली. कुणी स्पर्धा परीक्षेची पुस्तके सांगतो, कुणी हसून मोबाइल दाखवतो. 'आणि लिहिता काय?' म्हटले की वर्ग गप्प. उर्दू माध्यमातून आलेली मुले तर मानच खाली घालतात. घरात एक बोली, शाळेत उर्दू, कॉलेजात मराठी. आपण कोणत्या भाषेत चुकत नाही हेच त्यांना कळेनासे झालेले असते. तडवी मुलांची बोली वेगळी, भीती मात्र तीच.

म्हणून मी निबंधाचे विषय देणे सोडले. सगळ्यांचा पावसाळा एकाच गाइडातून यायचा! त्याऐवजी सांगितले, घरातल्या ज्या माणसाला मराठी लिहिता येत नाही त्याचे बोलणे ऐका आणि जमेल तितक्या त्याच्याच शब्दांत उतरवून आणा.

यात माझी हुशारी काही नाही. खानदेशात हे आधी होऊन गेले आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात काम करताना त्या गात, आणि ते गाणे मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी टिपून ठेवत. तसेच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झाले. आपल्या मातीतली दोन मोठी पुस्तके ऐकणाऱ्याच्या हाताने लिहिली गेली. नवनिर्मिती म्हणजे काहीतरी रचणे, एवढेच मुलांना माहीत असते. नीट ऐकणे हीसुद्धा निर्मितीची अर्धी वाट आहे, हे त्यांना या कामातून समजले.

मुलांनी आणले ते पाहून मी चकित झालो. एकाने केळीच्या बागेत घड तोडणाऱ्या आजोबांचे बोलणे आणले. त्यातले कितीतरी शब्द मला समजले नाहीत आणि जुन्या सवयीने मी त्यांच्याखाली लाल रेघा ओढल्या. मग माझीच मला लाज वाटली. आमच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव दिले गेले आहे. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात मी बोलीला चूक ठरवत होतो! त्याच मुलाने पुढे 'कोसला' मागून नेली. नेमाडे आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे, हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट दुसरीच. धुळ्याची एक मुलगी इथे खालाकडे राहून शिकते. वडील यंत्रमागावर, आई घरी कांड्या भरते. तिने अम्मीचे बोलणे लिहून आणले. अम्मीची शाळा चौथीत सुटली, कारण तेव्हाही कांड्याच भरायच्या होत्या. उर्दूचे पुस्तक ती कांड्यांच्या टोपलीत तळाशी ठेवायची. लाइट गेली की माग थांबत, आणि ती दारात उजेडाला बसून वाचायची. वीज जाण्याची वाट पाहणारी मोहल्ल्यात ती एकटीच! पुढे एक परिच्छेद अब्बांविषयी होता. त्यात काय होते ते मी इथे लिहीत नाही.

लिखाण उत्तम होते. वार्षिक अंकात छापू, असे मी म्हटले. सुट्टीत तिने ते अम्मीला वाचून दाखवले. अम्मी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सब सच है. पर अब्बा की बात निकाल दे."

मुलीने मला विचारले, काढू का? मी ताडकन म्हणालो, काढू नकोस. साहित्यात सत्याला कात्री लावायची नसते. त्यावर ती हळूच म्हणाली, "सर, त्या मोहल्ल्यात तुम्ही राहत नाही."

कित्येक दिवस हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. माझी बाजू अगदीच पोकळ नव्हती. आपल्या समाजात बायकांचे तोंड बंद ठेवायला 'इज्जत' हा एक शब्द पुरतो. प्रत्येक अम्मीने 'एवढे काढ' म्हटले आणि प्रत्येक लेकीने काढले, तर आपल्या लेखनात फक्त मायाळू बाप आणि सोशिक आया उरतील. ते खोटेच ना? दुसरीकडे, आईने लेकीला सांगितले ते लेक म्हणून. छापून यावे म्हणून सांगितले नव्हते. ती अमानत होती. विनोबा आपले लिहून घेतलेले बोलणे स्वतः वाचू शकत होते. बहिणाबाईंच्या कवितांचे पुस्तक निघाले १९५२ साली, त्या गेल्यानंतर. यातले काय ठेवू नि काय काढू, हे त्यांना विचारण्याची सोय तेव्हा उरली नव्हती. ही अम्मी जिवंत आहे आणि तिने सांगितले आहे.

सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत. ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे, हे मी विसरत नाही. लिहिता येणाऱ्याने लिहून द्यायला नकार देऊ नये, न्यायाने लिहावे, असे तीत आहे. पण मजकूर सांगायचा हक्क ती लेखनिकाला देत नाही. ज्याच्यावर देणे आहे, तो सांगेल. त्याला सांगता येत नसेल तर त्याचा वली सांगेल, तोही इन्साफाने. मी ही आयत अनेकदा वाचली होती, पण ती माझ्या पेशाबद्दलही काही सांगते असे कधी वाटले नव्हते. त्या लिखाणाचे देणे कुणावर येणार होते? माझ्यावर नाही, अंकाच्या संपादकावरही नाही. छापल्यानंतर संध्याकाळी त्या घरात चुलीपुढे अम्मी बसणार होती.

मी मुलीला म्हणालो, माझे ऐकू नकोस. तू आणि अम्मी ठरवा.

ईदनंतर तिने कागद परत आणला. अब्बांचा परिच्छेद नव्हता. पण पुढचा मजकूर वर सरकवून तिने ती जागा बुजवलीही नव्हती. तिथे एकच ओळ होती, 'इथे अम्मी गप्प राहिली.' ही ओळ कुणाची, असे मी विचारले. ती म्हणाली, "अम्मीची. तिनेच सांगितली, मी फक्त लिहिली."