जोडीदार आणि हमीदार

विवाह ही दोन समान व्यक्तींनी परस्परांशी केलेली बांधिलकी होय, असे आपण मानतो. परंतु पती आणि पत्नी दोन वेगळ्या देशांचे नागरिक असले, की या बांधिलकीत शासन हा तिसरा पक्ष येऊन बसतो. तो दोघांपैकी एकाला विचारतो, ‘या व्यक्तीला आमच्या देशात राहू द्यावे, काम करू द्यावे, याची हमी तुम्ही घेता काय?’ त्या क्षणापासून एक हमीदार होतो आणि दुसरा आश्रित. समान नात्यात अशी पायरी कायद्याने घालावी काय, आणि घातलीच तर तिला मर्यादा कोणती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हैदराबादकर मराठी घरांना हा प्रश्न अगदीच परका नाही. निजामी राजवटीत १९१९ साली मुलकी नियम झाले. सरकारी नोकरीसाठी मुलकी असणे आवश्यक ठरले. बाहेरून आलेल्यास मुलकी होण्यासाठी किमान १५ वर्षांचे वास्तव्य आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र लागे. मात्र मुलकी पुरुषाची पत्नी ती मुलकीच, असे त्या नियमांत स्पष्ट लिहिले होते. पुण्याहून वा नागपूरहून सून म्हणून आलेल्या मुलीला पंधरा वर्षे थांबावे लागत नसे. १९७३ साली संसदेने हे नियम रद्द केले. त्या तरतुदीत औदार्य होते, यात शंका नाही. परंतु तिचा दर्जा हा स्वतःचा नव्हता, तो पतीच्या दर्जाची सावली होता, हेही तितकेच खरे.

ही सावली किती दूरवर पडू शकते याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात सापडते. तेथील १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्वच गमावत असे. १९२२ च्या केबल कायद्याने ही तरतूद बरीचशी दूर झाली. पण ज्या परदेशीयांना अमेरिकन नागरिकत्व मिळूच शकत नाही, त्यांच्या पत्नी वगळल्या गेल्या. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ‘श्वेतवर्णीय’ मानण्यास नकार दिला आणि ते नागरिकत्वास अपात्र ठरले. परिणामी क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी यांना आपल्याच जन्मभूमीचे नागरिकत्व गमवावे लागले. १९३१ पर्यंत हा अन्याय कायद्यात टिकून होता. पत्नीचे नागरिकत्व पतीच्या खुंटीला बांधले, की खुंटी उखडताच तीही बेघर होते.

आता शासनाची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. महसूल खात्यात तीन दशके रहिवासी आणि उत्पन्नाच्या दाखल्यांवर सह्या केलेल्या माणसाला ती सहज समजते. जेथे दाखल्याला किंमत असते, तेथे खोटा दाखला तयार होतो. केवळ प्रवेशासाठी कागदोपत्री लग्ने होतात, हे कोणी नाकारणार नाही. शिवाय येणाऱ्या व्यक्तीचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडू नये, ही अपेक्षाही गैर नव्हे. तेव्हा चौकशी करूच नये, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. प्रश्न चौकशी कशाची, हा आहे. विवाह खरा की खोटा हे पाहणे निराळे आणि विवाह श्रीमंताचा की गरिबाचा हे पाहणे निराळे.

ब्रिटनने हा दुसरा मार्ग धरला. जुलै २०१२ पासून परदेशी जोडीदाराला आणण्यासाठी तेथील नागरिकाचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असावे, अशी अट आली. एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेण्यात आली. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशी अट तत्त्वतः वैध ठरवली, मात्र मुलांच्या हिताचा पुरेसा विचार झालेला नाही, असेही बजावले. या नियमातील एक बारकावा विचार करण्याजोगा आहे. परदेशातून येऊ इच्छिणारी पत्नी डॉक्टर असो वा अभियंता, तिला तेथे गेल्यावर मिळू शकणारा पगार सहसा हिशेबात धरला जात नाही. म्हणजे ती भार होईल काय, हे ठरवताना तिची स्वतःची कर्तबगारी शून्य मानायची. जिला आपण आधीच आश्रित ठरवले, ती आश्रित आहे असा निष्कर्ष निघणे मग अपरिहार्यच.

ब्रिटनचेच आणखी एक उदाहरण बोधप्रद आहे. १९८५ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयात अब्दुलअझीझ, कबालेस आणि बालकंडाली या तीन स्त्रियांचा खटला निकालात निघाला. ब्रिटनमध्ये स्थायिक पुरुषाला पत्नी आणणे सुलभ होते, स्त्रीला पती आणणे मात्र कठीण. न्यायालयाने हा लिंगभेद ठरवला. यावर उपाय म्हणून स्त्रियांची वाट मोकळी करण्याऐवजी पुरुषांचीही तितकीच कठीण करण्यात आली! समता साधली, न्याय साधला काय, हे वाचकांनीच ठरवावे.

अमेरिकेची पद्धत वेगळी आहे. तेथे हमीदाराला आपले उत्पन्न सहसा दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असल्याचे दाखवून हमीपत्र द्यावे लागते. हा कायदेशीर करार आहे आणि घटस्फोटानेही तो संपत नाही. आलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद पूर्ण होईपर्यंत, तसेच देश सोडून गेली वा निवर्तली नाही तोवर, जबाबदारी राहते. शब्द दिला तो निभावण्याची सक्ती हमीदारावरच आहे, हे मला नैतिकदृष्ट्या चांगले वाटते. परंतु विवाहाला दोन वर्षे झालेली नसल्यास प्रथम दोन वर्षांचाच सशर्त निवास मिळतो, आणि ती शर्त उठवण्यासाठी सहसा दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. पतीची सही हे मग शस्त्र होऊ शकते. छळ सोसणाऱ्या जोडीदाराला स्वतंत्रपणे अर्ज करता यावा, अशी तरतूद १९९० साली याचसाठी करावी लागली. कॅनडाने अशीच दोन वर्षांची अट २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये काढून टाकली. अत्याचार सोसूनही जोडीदार घर सोडण्यास धजत नाहीत, हे त्यामागचे प्रमुख कारण होते.

छळ नसलेल्या घरातही आश्रितपण आपले काम करीतच असते. माझी एक पुतणी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर. पतीच्या एच-१बी व्हिसावर ती एच-४ म्हणून अमेरिकेत गेली. अशा जोडीदारांना कामाची परवानगी मे २०१५ पासून मिळू लागली, तीही पतीचा ग्रीन कार्डचा प्रस्ताव विशिष्ट टप्प्यावर पोहोचला असेल तरच. त्यापूर्वीची सहा वर्षे तिने घरात काढली. जावई सज्जन, पैशाला कधी नाही म्हटले नाही. ती मला म्हणाली, ‘काका, ते देतात हो. पण आईला साडी पाठवायची तरी ती त्यांच्या पैशांची होते.’ या वाक्यात तक्रार कोणाविरुद्धच नव्हती. एक स्वावलंबी मुलगी हळूहळू मागणारी झाली, एवढेच त्यात होते. कायद्याने ती पत्नी होती. पण आपल्या ज्ञानाची व श्रमाची मालक राहिली नव्हती.

परदेशांना बोल लावताना आपले घरही पाहावे. आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे (१९५५) भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला नोंदणीने नागरिकत्व मागण्यापूर्वी येथे सात वर्षे वास्तव्य करावे लागते. विवाह नोंदवून सलग दोन वर्षे टिकला असेल, तर सुरक्षा तपासणीनंतर ओसीआय कार्ड मिळू शकते व त्यावर राहण्याची आणि बहुतेक नोकरी-व्यवसायांची मुभा असते. मात्र विवाहाच्या आधारे मिळालेले कार्ड विवाह संपुष्टात आल्यास शासन रद्द करू शकते. वीस वर्षे येथे संसार केलेल्या, येथली भाषा शिकलेल्या, येथे मुले वाढवलेल्या स्त्रीचे येथले असणे केवळ एका नात्यावरच अवलंबून असावे काय? नाते तुटले म्हणून तिने जगलेली वर्षे खोटी ठरत नाहीत.

माझ्या मते यातून तीन तत्त्वे निघतात. पहिले, शासनाने विवाहाची सत्यता तपासावी, त्याची आर्थिक पत नव्हे. दुसरे, प्रवेश दिला की कामाचा अधिकार त्याच दिवशी द्यावा. काम करणारी व्यक्ती तिजोरीवर भार होत नाही, ही शासनाच्या चिंतेवरचीच दवा आहे. तिसरे, काही काळानंतर निवासाचा हक्क त्या व्यक्तीचा स्वतःचा व्हावा. तो जोडीदाराच्या मर्जीवर वा सहीवर टांगलेला राहू नये. हमी ही शिडी असावी, साखळी नव्हे.

आणि जोवर कायदे असे नाहीत, तोवर एक कर्तव्य हमीदाराचे आहे. सप्तपदी असलेल्या विवाहात सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, असे आपला हिंदू विवाह कायदा म्हणतो. आणि परंपरेने ते सातवे पाऊल सख्याचे मानले आहे. सख्यात कोणी कोणाचा आश्रयदाता नसतो. कायद्याने आपल्या हाती दिलेली सत्ता न वापरणे, कागद वेळेवर भरणे, तिच्या नावाचे बँकखाते उघडणे, तिचे पारपत्र तिच्याच कपाटात असू देणे, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. परक्या देशात एकट्या पडलेल्या माणसाचा स्वाभिमान मात्र यांवरच उभा असतो. मुलामुलींची स्थळे परदेशी पाहताना आपण पगार विचारतो, घर विचारतो. ‘तिला तेथे काम करता येईल का, आणि कधीपासून?’ हा प्रश्नही त्याच बैठकीत, वडीलधाऱ्यांनी स्पष्टपणे विचारावा.