कमरेचा पट्टा आणि आधाराचा प्रश्न

जड वजन उचलताना कमरेला पट्टा बांधावा की बांधू नये, हा प्रश्न वरवर पाहता व्यायामशाळेतल्या व्यायामशाळेत निकालात निघावा असा आहे. परंतु तेथील वाद थोडा वेळ ऐकत बसले की पुरुषार्थ आणि आश्रय यांचे जुनेच भांडण त्यातून डोके वर काढते. एक पक्ष म्हणतो की, पट्ट्याच्या जोरावर उचललेले वजन आपण उचलले असे कोणत्या तोंडाने सांगावे? दुसरा म्हणतो की, देह एकदाच मिळतो, तेव्हा त्याच्या रक्षणाची तजवीज करण्यात कमीपणा कसला? दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की पट्टा माणसाच्या वाट्याचे काही काम आपल्या अंगावर घेतो.

हे गृहीतच मला मान्य नाही. पट्टा एक शेरही वजन उचलीत नाही. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांत चालणारा पट्टा बहुधा जाड चामड्याचा, फार तर दहा सेंटिमीटर रुंद आणि तेरा मिलिमीटर जाड असतो. उचलणारा बारजवळ उभा राहून बक्कल एक भोक पुढे ओढतो, पोट भरून श्वास घेतो, तो आत कोंडतो, आणि पोटाचे स्नायू पुढून, बाजूंनी, मागून असे सर्व अंगांनी त्या चामड्यावर रेटतो. रेटायला काहीतरी घट्ट लाभल्यामुळे उदरपोकळीतील दाब वाढतो आणि तो दाब कण्याला आतून ताठ धरून ठेवतो. ज्याने श्वास भरला नाही आणि पोट रेटले नाही, त्याच्या कमरेचा पट्टा केवळ शोभेचा. म्हणजे पट्ट्यापासून मिळणारे साहाय्य हे त्याच्यावर खर्च केलेल्या स्वतःच्या प्रयत्नाच्या प्रमाणातच मिळते.

रामानुजाचार्यांच्या पश्चात श्रीवैष्णव संप्रदायात ईश्वरी कृपेच्या स्वरूपावरून जे दोन पक्ष पडले, त्यांची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. वेदान्तदेशिकांना मानणारा वडकलै पक्ष मर्कटकिशोरन्याय सांगतो: माकडीण पिलाला घेऊन झेप घेते खरी, परंतु पिलाने तिच्या पोटाला आपल्या हातांनी घट्ट बिलगलेच पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारा तेंकलै पक्ष मार्जारकिशोरन्याय सांगतो: मांजरी पिलाला मानेला धरून उचलते, पिलाने काही करावयाचे नसते. या दोहोंत मोक्षाचा खरा मार्ग कोणता, हा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. पण पट्टा मर्कटन्यायाच्या बाजूचा आहे याविषयी मला शंका नाही. पट्ट्याचा तिरस्कार करणारा आणि पट्ट्यावर भिस्त ठेवून गाफील राहणारा, असे हे दोघेही त्याला मांजरी समजतात, आणि दोघांची चूक एकच आहे.

मग निराधार बलाचा जो अभिमान बाळगला जातो, त्याचे काय? पायाखालची फरशी, हाताला लावलेला खडू, वस्तादाने वर्षानुवर्षे केलेली दुरुस्ती आणि आईने घातलेले अन्न हे सारे आधार निमूटपणे स्वीकारून केवळ चामड्याच्या एका पट्टीशी वैर धरण्यात विवेक दिसत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभ आणि अहंकार यांच्या भरीस पडून शरीराला कष्टविणाऱ्या घोर तपाची गणना आसुरी निश्चयात केली आहे; मणका सरकेपर्यंत आपली शुद्धता जपणाऱ्या तरुणाने तो भाग एकवार जरूर वाचावा. मात्र उलट बाजूचा दोषही लहान नाही. पहिल्या हलक्या वजनापासूनच जो पट्टा आवळतो, त्याला आपला श्वास आपणच कोंडण्याची आणि पोट घट्ट करण्याची विद्या कधी साधत नाही, आणि पट्टा घरी राहिला त्या दिवशी त्याचे धैर्यही घरीच राहते. म्हणून माझे मत असे की, आधी बिनपट्ट्याने शिकावे, आणि आपल्या शक्तीच्या परमावधीला जाऊन भिडणाऱ्या मोजक्या उचलींसाठीच तो बांधावा. श्वास कोंडून जोर करताना रक्तदाब एकाएकी पुष्कळ चढतो, यास्तव ज्याला ती व्याधी आहे त्याने वैद्याचा सल्ला घेतल्याखेरीज या वाटेस जाऊ नये.

येथवरचा विचार स्वेच्छेने वजन उचलणाऱ्याचा झाला. पोटासाठी वजन उचलणाऱ्याचा विचार निराळा आहे, आणि माझ्या मते या प्रश्नातील खरे धर्मसंकट तेथे आहे. शंभर किलोची पोती पाठीवर वाहणाऱ्या हमालांच्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. कमरेला पंचा आवळून, अंग पुढे झुकवून, फळीवरून मालमोटारीत चढणारा तो मनुष्य किती वजन घ्यायचे हे स्वतः ठरवीत नाही. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संशोधन संस्थेने १९९४ साली असा निष्कर्ष काढला की, माल हलविणाऱ्या निरोगी कामगारांना कमरपट्ट्याने इजेपासून संरक्षण मिळते याला पुरेसा पुरावा नाही. पुढे तेथीलच दुकानांत माल हलविणाऱ्या हजारो नोकरांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही पट्टा वापरणारांची पाठदुखी कमी झाल्याचे दिसले नाही. ते पट्टे लवचीक कापडाचे होते, चामड्याचे नव्हते, हे मान्य. पण दिवसभरात शेकडो वेळा वाकणाऱ्या माणसाला दर खेपेस श्वास कोंडून पोट रेटणे शक्य नसते, आणि त्या क्रियेवाचून कोणताही पट्टा निरुपयोगीच. अशा स्थितीत मालकाने दिलेला पट्टा हा पुष्कळदा मालकाच्याच मनाचे समाधान करतो, आणि पाठ मोडली तर दोष पट्टा नीट न बांधणाऱ्याच्या माथी मारण्याची सोय होते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने हाताने वाहण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंवर आणावी अशी शिफारस केली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. तेव्हा हमालांना पट्टे वाटण्याचा ठराव ज्या बाजार समितीपुढे येईल, तिच्या सभासदांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी प्रथम पोत्याचे वजन विचारावे, आणि ते त्या मर्यादेच्या आत आल्याखेरीज पट्ट्यांच्या खरेदीस मंजुरी देऊ नये.